अर्नोच्या काठी शेवटचे तीन दिवस

युरोपवरच्या मराठी प्रवासवर्णनांत अखेरच्या दिवसांना क्वचितच न्याय मिळतो. पहिल्या शहराच्या पहिल्या चौकासाठी चार पाने खर्ची पडतात, शेवटच्या शहराची बोळवण परिच्छेदात होते. तोवर लिहिणारा दमलेला असतो, विशेषणे संपलेली असतात आणि बॅगेचे वजन किती भरेल ही चिंता बोत्तिचेल्लीपेक्षा मोठी झालेली असते. कलाप्रवासात तर ही थकवणूक अधिकच जाणवते. दहा दिवसांत शंभर मॅडोना पाहिल्यावर एकशे एकावी समोर आली की डोळा तिला नुसता हजेरी लावतो. मात्र आमच्या बाबतीत उलटे घडले. आधीच्या दिवसांत आम्ही इटली पाहिला तो कलेतिहासाच्या पुस्तकातल्यासारखा; शेवटच्या तीन दिवसांत त्या पुस्तकाच्या समासात कोणीतरी मराठीत काही खुणा करून ठेवल्या असाव्यात असे वाटू लागले.

२०२४ च्या ऑक्टोबरात आम्ही एकोणीस जण निघालो होतो. बहुतेक महाविद्यालयांत भाषा शिकवणारे, दोन चित्रकार, काही निवृत्त शिक्षक. व्हेनिस, पादुआ, राव्हेना आणि शेवटी फ्लॉरेन्स असा क्रम होता. राव्हेनाविषयी येथे लिहीत नाही. गाला प्लाचिदियाच्या समाधिगृहातली ती निळाई आणि सान व्हिताले चर्चमधला सम्राट जस्टिनिअन व राणी थिओडोरा यांचा सहाव्या शतकातला समोरासमोरचा दरबार हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. तेथून फ्लॉरेन्सला जाताना वाटेवर फोर्ली हे गाव लागते. मार्गदर्शक बाईंच्या टिपणात फोर्लीचा उल्लेख नव्हता. आमच्यातल्या इतिहासाच्या एका सरांनी मात्र आधीच गळ घातली होती, की येथे हिंदी सैन्याची दफनभूमी आहे, अर्धा तास थांबू या.

अर्धा तास थांबलो. आखीव हिरवळ, सारख्या उंचीच्या शिळा, आणि ज्यांचे दहन झाले त्यांच्या नावांसाठी वेगळे स्मारक. मुसलमान सैनिकांना माती मिळाली, हिंदू-शीख सैनिकांना अग्नी. म्हणून एकाच लढाईत पडलेल्यांपैकी काहींना थडगे आहे आणि काहींना फक्त नाव. इटलीच्या मोहिमेत सुमारे पन्नास हजार हिंदी सैनिक लढले आणि त्यांतले पाच हजारांहून अधिक तिथेच राहिले. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणी त्यांत होत्या. आजच्या रायगड जिल्ह्यातील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे हे १० जुलै १९४४ रोजी तिबर नदीच्या वरच्या खोऱ्यात पडले; त्या खोऱ्यातल्या मोन्तोने गावाने २०२३ साली त्यांच्या स्मरणार्थ एक सूर्यघड्याळ उभारले आहे. नगर जिल्ह्यातील निमजचे शिपाई नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीच्या काठी पराक्रम केला आणि ते जिवंत परतले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. एवढे आपल्याकडे अधूनमधून छापून येते. ते वाचले की आपली छाती फुगते आणि विषय संपतो. त्या माणसांनी इटलीत काय पाहिले, हा प्रश्न विचारण्याची आपल्याला सवय नाही.

त्या प्रश्नाशी दुसऱ्या दिवशी उफीझीत गाठ पडली.

उफीझी हे मुळात कलासंग्रहालय नव्हे. सोळाव्या शतकात मेदिची राजवटीच्या कचेऱ्यांसाठी बांधलेली ती इमारत, आणि नावाचा अर्थही कचेऱ्या असाच. आरंभीच्या दालनात तीन भव्य मॅडोना जवळजवळ मांडल्या आहेत. चिमाब्वेची सांता त्रिनिता चर्चमधून आलेली, दुच्चोची सांता मारिया नोव्हेल्लामधून आलेली, आणि जोत्तोची ओन्यिसान्ती चर्चमधून आलेली. तीस वर्षांच्या आसपासच्या काळात चित्रातल्या देहाला वजन कसे येते ते या तिन्हींत दिसते. चिमाब्वेची माता सोन्याच्या पार्श्वभूमीवर तरंगते. जोत्तोची माता बसते, आणि बसल्यामुळे वस्त्राखाली गुडघे जाणवतात. वर्गात ज्याला आपण स्थित्यंतर म्हणतो ते क्वचितच इतके स्पष्ट डोळ्यांसमोर येते. पुढे उच्चेल्लोचे सान रोमानोच्या लढाईचे चित्र, ज्याचे दुसरे दोन भाग लंडनला आणि पॅरिसला आहेत. आणि मग ज्याच्यासमोर सगळी गर्दी थबकते ते बोत्तिचेल्लीचे ‘प्रिमावेरा’, म्हणजे वसंत.

चिमाब्वे, जोत्तो, उच्चेल्लो आणि प्रिमावेरा ही चारही चित्रे १९४४ च्या जुलैत येथे नव्हती. बॉम्बहल्ल्यांच्या भीतीने फ्लॉरेन्सच्या कलाअधिकाऱ्यांनी संग्रहालयांतली चित्रे आसपासच्या खेड्यापाड्यांतल्या वाड्यांत आणि गढ्यांत हलवली होती. शहरापेक्षा खेडे सुरक्षित, हा त्यामागचा साधा हिशेब. हिशेब चुकला, कारण १९४४ च्या उन्हाळ्यात लढाईची आघाडी नेमकी याच खेड्यांतून सरकू लागली. फ्लॉरेन्सच्या नैर्ऋत्येला मोन्तेगुफोनी नावाची एक जुनी गढी आहे; ती तेव्हा सिटवेल या इंग्रज कुटुंबाच्या मालकीची होती. १९४२ च्या नोव्हेंबरपासून तेथे चित्रे येऊ लागली. ही चारही तेथे होती. त्याच गढीत जर्मन सैनिक राहून गेले. गिर्लांदायोचे एक गोल चित्र त्यांनी मेजाची फळी म्हणून वापरले, अशी नोंद आहे. उफीझीचे ग्रंथपाल चेझारे फासोला आघाडी ओलांडून पायी तेथे पोचले आणि चित्रांपाशी राहिले. तळघरांत भोवतालच्या गावांतले निर्वासित भरलेले होते. महिनाअखेरीस जर्मन मागे हटले आणि आठव्या हिंदी डिव्हिजनमधली मराठा पलटण गढीत आली.

स्कॉटिश कादंबरीकार एरिक लिंकलेटर आणि बीबीसीचे युद्धवार्ताहर विनफर्ड व्हॉन-थॉमस त्या सुमारास तेथे पोचले, आणि पुढे दोघांनीही त्याविषयी सांगितले. दालनांत भिंतींना टेकवून ठेवलेली, चौकटीविना उघडी चित्रे. बाहेर तोफांचे आवाज. आणि ही चित्रे कोणती हे ओळखून उडालेला गोंधळ. अधिकाऱ्यांनी दालनांत जाण्यास मनाई केली आणि पहारे बसवले. लिंकलेटर यांनी तर एकांत मिळताच प्रिमावेरातल्या स्त्रियांची चुंबने घेतल्याचे पुढे कबूल करून टाकले आहे. आज त्या चित्रापासून ठरावीक अंतर राखून उभे राहावे लागते, समोर काच असते आणि थोडे पुढे वाकले तरी कर्मचारी हटकतो. हे आठवून मला हसू आले. शेजारी उभ्या असलेल्या एका सहकारी मॅडमनी कारण विचारले. सांगितल्यावर त्या म्हणाल्या, “म्हणजे हे चित्र आपल्या माणसांनी राखलं?”

“राखलं असं म्हणू या,” मी म्हटले, “पण ‘आपल्या माणसांनी’ म्हणताना थोडं थांबू या.”

थांबायचे का, ते सांगते. त्या हकिकतींत चित्रांना नावे आहेत, चित्रकारांना आहेत, अधिकाऱ्यांना आहेत. बंदूक घेऊन दाराशी उभा राहिलेला शिपाई हा त्या दृश्यातला पडद्यामागचा माणूस आहे. त्याने आत डोकावून पाहिले असणार. सातशे वर्षांपूर्वीची ती सिंहासनावरची आई आणि मांडीवरचे मूल पाहून त्याला गावच्या देवळातले काही आठवले असेल, किंवा आठवले नसेलही. त्याचे बोलणे कोणी टिपून घेतले नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या हिंदी सैनिकांची पत्रे सेन्सॉर चाळत असे आणि त्यांतले निवडक उतारे इंग्रजीत उतरवून वरिष्ठांना पाठवत असे. आज अभ्यासकांच्या हाती लागतात ते बहुधा हेच इंग्रजी तुकडे. मूळ मराठी पत्र घरी पोचले, वाचून दाखवले गेले, आणि ट्रंकेत किंवा चुलीत गेले. म्हणजे मराठी माणसाने इटलीविषयी लिहिलेल्या मजकुराचा एक मोठा भाग आपल्याला मिळतो तो परक्या भाषेत, परक्याने निवडून दिलेला. साहित्याच्या इतिहासात ज्याला आपण ‘मराठी प्रवासलेखन’ म्हणतो त्यात तिकीट काढून गेलेल्यांचाच समावेश आहे. हुकमावरून गेलेल्यांची एक अख्खी पिढी त्याच्या बाहेर उभी आहे.

दुसरीही एक गोष्ट आहे, आणि ती अधिक अवघड. १९४३ ते १९४६ या काळात सातारा जिल्ह्यात नाना पाटलांचे प्रतिसरकार चालू होते. इंग्रज सत्तेची कचेरी आणि तिजोरी यांच्याविरुद्ध गावे उभी राहिली होती. सातारा हा जिल्हा पलटणींत मुले पाठवण्यासाठीही पिढ्यान्‌पिढ्या प्रसिद्ध. एका घरातला थोरला इटलीत राजासाठी लढतो आहे आणि धाकटा रात्री भूमिगतांना भाकरी पोचवतो आहे, ही कल्पना करायला फार ताण द्यावा लागत नाही. यांपैकी एकालाच देशभक्त ठरवून मोकळे होणे सोपे आहे. पण मोन्तेगुफोनीच्या दाराशी उभ्या असलेल्या माणसाला आपण कोणाच्या वतीने काय राखतो आहोत हे विचारले असते, तर त्याने साधे उत्तर दिले असते की हुकूम आहे. त्या ‘हुकूम आहे’मधून प्रिमावेरा वाचले. हे अभिमानाचे आहे की खेदाचे, हे मला उफीझीच्या त्या दालनात ठरवता आले नाही, आणि आताही येत नाही.

इटलीच्या बाबतीत मराठी मनाची पूर्वतयारीही वेगळीच होती. आपल्याकडे इटली प्रथम आला तो मॅझिनी आणि गॅरिबाल्डी यांच्या रूपाने. सावरकरांचे मॅझिनीच्या आत्मचरित्राचे मराठी भाषांतर १९०७ साली निघाले आणि लगोलग सरकारच्या रोषाला पात्र झाले. ज्या वाचकांना मॅझिनी पाठ होता त्यांना जोत्तो बहुधा ऐकूनही माहीत नव्हता. आम्ही एकोणीस जण आता जोत्तोसाठी आलो होतो आणि मॅझिनीचे नाव दहा दिवसांत कोणी काढले नव्हते. शंभर वर्षांत एका देशाचा अर्थ असा पालटतो.

येथेच एक आडकथा सांगायला हवी, कारण ती उलट दिशेने जाते. अजिंठा ज्या काळी निजामाच्या राज्यात होता त्या काळी, १९२० च्या सुमारास, हैदराबाद सरकारने तेथील भित्तिचित्रांच्या जतनासाठी इटलीहून लोरेंझो चेक्कोनी आणि त्यांचे सहकारी ओर्सिनी यांना बोलावले. त्यांनी सुटत चाललेला रंगथर भिंतीला पुन्हा चिकटवला, पोपडे सावरले. त्या कामामुळे बरेच काही टिकले हे मान्य करायला हवे. पण त्यांनी वापरलेले लाखेचे रोगण काळानुसार पिवळे पडले आणि पुढच्या पिढ्यांतल्या तज्ज्ञांना ते काढण्याचे किचकट काम करत बसावे लागले. प्रिमावेराचीही १९८२ साली पूर्ण झालेली सफाई अशीच. जुन्या रोगणाचे थर निघाल्यावर पायांखालच्या हिरवळीतली फुले अशी उजळली, की वनस्पतिशास्त्रज्ञांनी ती मोजायला आणि ओळखायला घेतली. जतन करणारा हात हाही त्या चित्रावरचा एक थर असतो. इटालियन माणसे अजिंठ्यात आणि मराठी माणसे मोन्तेगुफोनीत. मध्ये जेमतेम चोवीस वर्षांचे अंतर. एकांची नावे नोंदली गेली, दुसऱ्यांची नाही, एवढा फरक.

तिसरा दिवस मोकळा होता. विमान दुसऱ्या दिवशी पहाटेचे. बहुतेक मंडळी पिसाचा कललेला मनोरा बघायला आणि चामड्याची पाकिटे घ्यायला गेली. त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. बारा दिवस चित्रे पाहणाऱ्याला पाकीट घ्यायचा हक्क आहे. आम्ही पाच जणांनी मात्र अर्नो नदीच्या उजव्या तीराने पश्चिमेकडे चालत जायचे ठरवले. आदल्या दिवशी ज्या चित्रांशी ओळख झाली त्यांची मूळ घरे याच वाटेवर आहेत.

सुरुवात सांता त्रिनिता पुलापासून. आम्मानातीने १५६७ ते १५६९ या काळात बांधलेला हा पूल त्याच्या कमानींच्या सपाट, ताणलेल्या वळणासाठी प्रसिद्ध आहे. ३ आणि ४ ऑगस्ट १९४४ मधल्या रात्री माघार घेणाऱ्या जर्मनांनी फ्लॉरेन्सचे पूल उडवले. जुना पूल, म्हणजे पोन्ते व्हेक्यो, तेवढा वाचला. पण त्याची दोन्ही टोके अडवण्यासाठी तिथली मध्ययुगीन वस्ती जमीनदोस्त केली गेली. मोन्तेगुफोनीत चित्रे सापडल्याला तेव्हा काही दिवसच झाले होते. म्हणजे चिमाब्वेची मॅडोना वीसेक किलोमीटरवर सुखरूप होती आणि ज्या सांता त्रिनिता चर्चमधून ती आली त्याच्या समोरचा पूल नदीत पडला होता. पुढे लोकांनी हट्टाने तो होता तसा, होता तेथेच, नदीतून काढलेले दगड शक्य तेवढे वापरून पुन्हा बांधला. १९५८ साली तो खुला झाला. पुलाच्या चार कोपऱ्यांवर चार ऋतूंचे पुतळे आहेत. त्यांतल्या वसंताचे डोके मात्र सापडेना. ते नदीच्या गाळात १९६१ साली मिळाले. वसंत, प्रिमावेरा, हेच नाव या पुतळ्याचेही. गळ्याभोवतीचा सांधा जवळ गेल्यावर दिसतो.

पूल पुन्हा बांधला, डोके सापडले, आणि पाच वर्षांनी, ४ नोव्हेंबर १९६६ ला, याच नदीने शहरात शिरून सांता क्रोचेमधल्या चिमाब्वेच्या क्रुसाचा निम्म्याहून अधिक रंग धुऊन नेला. अर्नोकडे पाहताना ही सगळी गणिते एकत्र करावी लागतात. ऑक्टोबरात ती अगदी गरीब दिसते. एका सरांना ती आपल्या एखाद्या ओढ्यासारखी वाटली.

दहा मिनिटे चालल्यावर ओन्यिसान्तीचा चौक येतो. नदीकडे उघडा, दोन्ही बाजूंना जुनी प्रशस्त हॉटेले, आणि मागे चर्च. जोत्तोची मॅडोना या चर्चची. बोत्तिचेल्ली याच मोहल्ल्यात वाढला आणि १५१० साली येथेच पुरला गेला. त्याच्या साध्या गोल शिळेवर त्याचे टोपणनाव नाही, घराण्याचे नाव आहे, आणि लोक तेथे चिठ्ठ्या आणि फुले ठेवतात. चर्चच्या आत त्याने रंगवलेला संत ऑगस्टिन आहे. दर्शनाला आलेली एक म्हातारी आमच्याकडे पाहून हसली आणि त्या संताकडे बोट दाखवून काहीतरी म्हणाली. आम्हाला इटालियन येत नसल्याने आम्हीही हसलो.

बाहेर येऊन चौकात उभे राहिल्यावर कोल्हापूरच्या मॅडमनी हॉटेलांकडे पाहत विचारले, “यांपैकी कुठलं?” त्या प्रश्नासाठीच आम्ही या वाटेने आलो होतो. १८७० साली या चौकाला मानीन चौक म्हणत. येथल्या ओतेल द ला पे नावाच्या हॉटेलात ३० नोव्हेंबर १८७० रोजी कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज वारले. वय वीस. युरोपला गेलेल्या पहिल्या हिंदू संस्थानिकांपैकी ते एक होते. इंग्लंडमध्ये राणीची भेट, पार्लमेंट, कारखाने असे सगळे पाहून बेल्जियम, जर्मनी, तिरोलमार्गे ते इटलीत उतरले तेव्हा आजारी होते. त्यांनी इंग्रजीत लिहिलेली दैनंदिनी त्यांच्यासोबतचे इंग्रज अधिकारी कॅप्टन एडवर्ड वेस्ट यांनी संपादित करून १८७२ साली लंडनमध्ये प्रसिद्ध केली. शेवटच्या दिवसांची हकिकत वेस्ट यांच्याच लेखणीची. छत्रपतींच्या गादीवरचा हा वीस वर्षांचा मुलगा स्वतःशी मराठीत काय बोलला हे त्या इंग्रजीमागे शोधावे लागते. मोन्तेगुफोनीच्या शिपायाला तेही नशिबात नव्हते.

फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होते. दोनच महिन्यांपूर्वी, २० सप्टेंबरला, इटलीच्या सैन्याने रोम घेतले होते आणि राजधानी तिकडे जाणार हे ठरल्यात जमा होते. आणखी एक तारीख मला नेहमी चकित करते. वॉल्टर पेटर यांचा बोत्तिचेल्लीवरचा निबंध त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये लंडनच्या ‘फोर्टनाइटली रिव्ह्यू’त आला. बोत्तिचेल्ली तोवर जवळजवळ विस्मृतीत होता. त्याला महत्त्वाचा मानावे की नाही याबद्दल पेटर यांनाही चाचपडत लिहावे लागले. प्रिमावेरा तेव्हा उफीझीत नव्हते. ते तेथे १९१९ साली आले. म्हणजे राजाराम महाराज बरे असते आणि चित्रे पाहायला निघाले असते, तरी आमच्यासारखी गर्दी ज्याच्यापुढे जमते त्या चित्रापुढे त्यांना कोणी नेले नसते. आपण ज्याला शाश्वत सौंदर्य म्हणून डोळे भरून पाहतो त्याचे शाश्वतपण दीडशे वर्षांचे आहे. वर्गात अभिजाततेवर बोलताना मला हे उदाहरण अलीकडे उपयोगी पडते.

चौकातून नदीकाठाने पुढे गेले की काशीने उद्यान सुरू होते. नावाचा उगम गोठे-दुभत्याशी आहे. मेदिचींची ती शेती होती. पण मराठी कानाला त्यात काशी ऐकू येते, आणि येथे तर ते ऐकू येणे अगदीच अस्थानी नाही. उद्यान तीन किलोमीटरहून लांब आणि अरुंद, नदीला चिकटून. १८१९ च्या ऑक्टोबरात अर्नोकाठच्या याच रानात शेलीला पश्चिम वाऱ्यावरची त्याची कविता सुचली, असे त्याने स्वतःच टीप देऊन सांगितले आहे. आम्ही गेलो तेव्हाही पाने गळत होती. दोन मराठीचे आणि एक इंग्रजीचे प्राध्यापक एकत्र चालत असताना त्यावर जे बोलणे व्हायचे ते झाले. सांगायचे ते वेगळे. १८२२ साली शेली समुद्रात बुडून मेला. साथरोगाच्या नियमांमुळे त्याचा देह टस्कनीच्या किनाऱ्यावर व्हियारेज्योजवळ जाळावा लागला, आणि कवीची ती चिता रोमँटिक दंतकथेचा भाग झाली. त्यानंतर अठ्ठेचाळीस वर्षांनी त्याच टस्कनीत दुसरी चिता पेटली ती राजाराम महाराजांची. युरोपात दहनाची रीत तेव्हा नव्हती. इटलीतले पहिले आधुनिक दहनगृहातले दहन मिलानमध्ये १८७६ साली झाले. नगरपालिकेकडून विशेष परवानगी मिळवावी लागली. हिंदू रीतीप्रमाणे संगम हवा म्हणून उद्यानाचे टोक निवडले गेले, जेथे मुन्योने ही लहानशी नदी अर्नोला मिळते. रात्रीच्या अंधारात विधी उरकले गेले.

त्या टोकाला पोचायला आम्हाला पाऊण तास लागला. एक छत्री आहे, आपल्याकडच्या समाधींवर असते तशी, चार खांबांवर पेललेली. आत फेटा आणि अलंकार घातलेल्या तरुणाचा रंगीत संगमरवरी अर्धपुतळा. पुतळा इंग्रज शिल्पकार चार्ल्स फ्रान्सिस फुलर यांचा, छत्री मेजर चार्ल्स मँट यांची, वर्ष १८७४. हेच मँट पुढे कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याचे वास्तुकार झाले. म्हणजे राजवाडा आणि हे स्मारक यांचा हात एकच आहे. मॅडम कितीतरी वेळ छत्रीचे खांब आणि कमानी न्याहाळत होत्या. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात त्या शिकलेल्या. म्हणाल्या, “कॉलेजचं नाव शिवाजी महाराजांच्या धाकट्या मुलावरून पडलंय, असंच आम्ही सगळ्या मुली समजत होतो. हे राजाराम आम्हाला कोणी सांगितलेच नाहीत.”

स्मारकापलीकडे १९७० च्या दशकात बांधलेला, तारांनी पेललेला मोठा रस्तापूल नदी ओलांडतो. त्याचे नाव पोन्ते आल्लिन्दियानो. ‘इन्दियानो’ म्हणजे हिंदी माणूस, तो हिंदी माणूस. फ्लॉरेन्सचे लोक पुलाला, या कोपऱ्याला, स्मारकाला असेच म्हणतात. राजाराम हे नाव दगडावर कोरलेले आहे, जिभेवर नाही. एका जोडप्याने कुत्रा बांधायला स्मारकाभोवतीच्या कठड्याचा उपयोग केला होता. इतिहासाच्या सरांनी त्यांना इंग्रजीत विचारले, हा कोण आहे माहीत आहे का. तरुण म्हणाला, “लिन्दियानो.” सरांनी नाव सांगितले. त्याने ते दोनदा म्हणून पाहिले, दुसऱ्यांदा जवळजवळ बरोबर. आमच्यातल्या चित्रकाराने तोवर छत्रीचे रेखाटन पुरे करत आणले होते. फेट्याचा रंग कोणता द्यावा याबद्दल त्याचे आणि मॅडमचे मतभेद चालू होते, आणि परतीची बस किती वाजता आहे हे पाहायला पाचवा माणूस रस्त्याकडे गेला होता.